गळाची काठी आणि माशाचा हलका स्पर्श



खोल पाण्यांतील माशानें आमिषास तोंड लावलें, हें वर बसलेल्या माणसास कसें कळतें? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे, आणि राजेरजवाड्यांच्या बखरींत त्यास स्थान मिळणें शक्य नाहीं. तथापि त्याच्या उत्तरांत मनुष्याच्या निरीक्षणशक्तीचा फार जुना इतिहास सांठविलेला आहे. आणि त्या इतिहासाचें एक मोलाचें पान आपल्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच लिहिलें गेलें. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

माशाला हात नाहींत. तो वस्तूची पारख तोंडानें करतो. पुष्कळ मासे आमिषावर तुटून पडत नाहींत. ते पाण्याबरोबर तें हळूच तोंडांत ओढून घेतात, आणि कांहीं परकें किंवा टणक लागलें कीं तत्काळ बाहेर टाकतात. मधला काळ एखाद्या क्षणाचा. त्या क्षणाची वर्दी वर यावी म्हणून मनुष्यानें दोन युक्त्या काढल्या. पहिली, दोरीला पिसाचा दांडा किंवा तसलेंच हलकें कांहीं बांधून पाण्यावर तरंगत ठेवणें. दुसरी, काठीचें टोंक बारीक व लवचिक करणें. दोहोंचें मर्म एकच. जें सहज हलतें तेंच हलका स्पर्श दाखवितें. जाड टोंकाची काठी माशाचा धक्का स्वतःच गिळून टाकते, आणि माशालाही तिचा जडपणा जाणवून तो सावध होतो.

थंड देशांत ही विद्या पराकोटीस गेली. तेथें हिवाळ्यांत सरोवरें गोठतात, परंतु तळापर्यंत नव्हे. पाणी सुमारें ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें, म्हणून तितपत उष्णतेचें पाणी तळाशीं राहतें आणि हलकें बर्फ वर तरंगतें. या निसर्गनियमामुळेंच बर्फाखालीं मासे जिवंत राहतात. पण माशाचें शरीर भोंवतालच्या पाण्याइतकेंच थंड असतें. त्याचें पचन मंदावतें, भूक कमी होते, आणि आमिषास तो जेमतेम ओठ लावतो. बर्फास भोंक पाडून त्यावर बसणारा कोळी म्हणून हातभर लांबीचीच काठी घेतो व तिच्या टोंकास अतिशय नाजूक पट्टी जोडतो. रशियांत या पट्टीला ‘किवोक’, म्हणजे मान डोलावणें, असें नांव आहे; पूर्वीं ती रानडुकराच्या राठ केसाचीही करीत. गळाच्या भारानें ती किंचित् वांकलेली असते. माशानें आमिष खालीं ओढलें तर ती आणखी वांकते. पण तो आमिष घेऊन वर सरकला, तर भार नाहींसा होऊन ती सरळ होते. नवशिका खालच्या ओढीची वाट पाहत बसतो. जाणता दोन्ही खुणा ओळखतो.

आतां आपल्याकडे वळूं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर हा इ. स. ११२६ च्या सुमारास सिंहासनावर आला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. याच घराण्याच्या काळचीं देवालयें नांदेड जिल्ह्यांत देगलूर तालुक्यांतील होट्टल येथें आजही पाहावयास मिळतात. सोमेश्वराच्या नांवावर ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ आहे. त्यांत शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, या वर्षाचा उल्लेख असल्यामुळें त्याचा काळ निश्चित होतो. प्राचीन मराठी पद्याच्या कांहीं ओळीही याच ग्रंथांत सांपडतात, आणि योगायोग असा कीं त्या मत्स्यावताराविषयीं आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ १९२५ पासून प्रसिद्ध होऊं लागला.

त्यांतील ‘मत्स्यविनोद’ नांवाच्या अध्यायांत समुद्रांतील व नद्यांतील मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे मासे, असे भेद केले आहेत. कोणत्या माशास कोणतें खाद्य घालावें, तें सांगितलें आहे. मग काठी, दोरी व गळ यांचा विचार आहे. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें या अध्यायावर विस्तृत लेख लिहिला. इंग्रजी भाषेंतील गळावरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ चा. म्हणजे आपला ग्रंथ त्याच्याहून साडेतीनशें वर्षांनीं जुना ठरतो.

येथें एक तुलना करण्याजोगी आहे. कल्याणीच्या पद्धतींत माशांस नियमित खाऊ घालून एका जागीं येण्याची संवय लावावयाची. मासा निर्धास्त झाला म्हणजे धीटपणें तोंड लावतो. बर्फावरील कोळ्यापुढें भूकच मंदावलेला मासा. तेव्हां त्यानें आपली काठीच अधिक जाणती केली. एकानें माशाचें भय घालविलें, दुसऱ्यानें आपली जाणीव वाढविली. अडचण एकच, पण हवामानाप्रमाणें उत्तरें दोन झालीं.

परंतु मनांत शंका येते ती अशी. राजास हें ज्ञान कोठून मिळालें? कोणता मासा कोठें राहतो व काय खातो, हें राजवाड्याच्या गच्चीवरून दिसत नाहीं. तें नदीकांठच्या भोयांस व नावाड्यांस ठाऊक असणार. राजाला जो विनोद, तो त्यांचा पोटाचा धंदा. ग्रंथावर नांव मात्र राजाचें राहिलें. त्याच शतकांत, त्याच कल्याणीच्या परिसरांत बसवेश्वरांच्या शरणमंडळींत अंबिगर चौडय्या नांवाचा नावाडी होता. त्याचीं कानडी वचनें आजही म्हटलीं जातात. नावाड्यास बोलतां येत नव्हतें असें नव्हे. त्याचें बोलणें टिपून घेणारे क्वचितच भेटले, इतकेंच.

आमच्या माहूरच्या डोंगरास पैनगंगेनें वळसा घातला आहे. तिच्या कांठीं गळ टाकणारे हात अद्याप आहेत. दोरीचा कोणता कंप प्रवाहाचा आणि कोणता मरळीचा, हें ते बोटानें सांगतात. पण आतां धरणांनीं नद्यांची चाल बदलली आहे, नायलॉनचीं जाळीं आलीं आहेत, आणि हें बोटांचें ज्ञान पुढच्या पिढीस लागेनासें झालें आहे. ग्रंथ वाळवीपासून वांचवितां येतो. माणसाबरोबर गेलेलें ज्ञान परत आणतां येत नाहीं. म्हणून शिक्षकबंधूंना व विद्यार्थ्यांना एवढीच विनंती कीं, आपापल्या गांवच्या नदीकांठीं जावें, वृद्ध भोई असतील त्यांस आदरानें विचारावें, आणि ते सांगतील तें त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नांवानिशीं वहींत उतरून ठेवावें. सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं जें राहून गेलें, तें आपल्या हातून तरी राहूं नये.