वृक्क, मेद आणि नवा घट : सुश्रुताचें शारीर कसें वाचावें

कल्याण हें नगर प्राचीन लेखांच्या अभ्यासकांस कान्हेरीच्या लेण्यांवरून परिचित आहे. तेथील दानलेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आढळतात. परंतु प्रस्तुत लेखांत ज्या कल्याणकर व्यक्तीचें स्मरण करावयाचें आहे, तिचा काल पुष्कळच अलीकडचा आहे. ता. ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याण येथें यमुना नांवाची कन्या जन्मली. विवाहानंतर तीच आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आली. ता. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेनें तिला वैद्यकाची पदवी दिली. पदवीसाठीं लिहिलेल्या तिच्या प्रबंधाचा विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. त्यांत आयुर्वेदाचे ग्रंथ व अमेरिकेंतील पाठ्यग्रंथ या दोहोंचाही आधार घेतलेला आहे. जुनें शारीर व नवें शारीर यांस एकाच मेजावर शेजारीं ठेवण्याचा हा प्रयत्न आमच्याच जिल्ह्याच्या एका कन्येनें केला, ही गोष्ट पोथ्यांच्या संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आम्हांस या प्रश्नाचें महत्त्व कळलें तें आमच्याच एका चुकीमुळें. ठाण्याच्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत असतां आम्हीं एकदां सुश्रुतसंहितेंतील कांहीं भाग मुलांस समजावून सांगितला. तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, येथें वृक्काचा संबंध मेदाशीं जोडला आहे. आमच्या शास्त्राच्या पुस्तकांत तर वृक्क म्हणजे मूत्रपिंड, आणि त्याचें काम मूत्र तयार करणें. यांत खरें कोणतें?” आम्हीं उत्तर दिलें, “त्या तासाला तें लिही, या तासाला हें पाठ कर.” मुलगा खालीं बसला. तें उत्तर शास्त्राचें नव्हतें व शिक्षकाचेंही नव्हतें. निवृत्तीनंतर शारीरस्थान पुन्हा वाचूं लागलों तेव्हां तोच प्रश्न पुढें उभा राहिला. त्याचें उत्तर येथें देत आहों.

प्रथम सुश्रुतानें शरीर पाहिलें कसें, हें पाहूं. शारीरस्थानाच्या पांचव्या अध्यायांत ती पद्धति सांगितली आहे. शव सर्वांगांनीं पूर्ण असावें. विषानें, दीर्घ व्याधीनें वा अतिवार्धक्यानें मेलेल्याचें नसावें. आंतड्यांतील मळ काढून, तें मुंज, कुश, ताग इत्यादिकांनीं वेष्टून, पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत एकान्तस्थळीं ठेवावें. सात रात्रींनंतर तें बाहेर काढून वाळा, केस किंवा वेळू यांच्या कुंचल्यानें हलकेंच घासावें, आणि त्वचेपासून आरंभ करून आंतील एकेक अंग डोळ्यांनीं पाहावें.

या पद्धतींतच सुश्रुताच्या शारीराचें बळ व त्याची मर्यादा हीं दोन्हीं आहेत. सात दिवस पाण्यांत राहिलेल्या देहांत अस्थि, संधि, स्नायु हे कठीण भाग टिकतात. मेंदूसारखे मृदु भाग कुजतात. शिवाय शव निश्चल असतें. त्याचें हृदय चालत नाहीं, रक्त वाहत नाहीं, वृक्कांतून मूत्र झिरपत नाहीं. म्हणून अवयव कोठें आहे, हें पाहतां येतें. तो काय करितो, हें मात्र अनुमानानेंच ठरवावें लागतें.

अस्थींचेंच उदाहरण घेऊं. सुश्रुत शल्यतंत्राच्या मतें ३०० अस्थि मानतो आणि वेदवादी ३६० मानतात असें सांगतो. चरकसंहिता व याज्ञवल्क्यस्मृति यांत ३६० हीच संख्या आहे. आजचें शास्त्र प्रौढ मनुष्याच्या देहांत २०६ अस्थि मोजतें. एवढ्यावरून प्राचीनांस मोजतां येत नव्हतें असें म्हणणें हा उतावळेपणा होय. चरकाच्या संख्येंत ३२ दांत, दांतांचीं ३२ उखळें व २० नखें, म्हणजे ८४ एककें आलेलीं आहेत. सुश्रुत नखें सोडतो, परंतु दांत धरतो. आणि ‘तरुणास्थि’ म्हणजे आज ज्यांस कूर्चा म्हणतात तीही अस्थींतच गणतो. तेव्हां भेद मुख्यतः व्याख्येचा आहे. डॉ. हर्नले यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्राचीन अस्थिशास्त्रावरील ग्रंथांत या याद्या एकमेकींशीं ताडून त्यांतील पाठभेदांची कसून चिकित्सा केली आहे.

आतां वृक्क. सुश्रुत मेदोवह स्रोतसांचें मूळ कटि व वृक्क येथें सांगतो. ज्यानें वृक्क प्रत्यक्ष देहांत पाहिला आहे त्यास याचें कारण सांगावयास नको. वृक्काभोंवतीं चरबीचें जाड वेष्टन असतें. तें बाजूस केल्यावांचून तो नीट दिसत नाहीं. म्हणजे निरीक्षण अचूक आहे. त्यावरून काढलेलें अनुमान मात्र टिकलें नाहीं. मूत्राची उपपत्ति सुश्रुतानें निदानस्थानांत अश्मरीच्या प्रकरणीं निराळी दिली आहे : नवा मातीचा घट तोंडापर्यंत पाण्यांत बुडवून ठेवला असतां जसा चहूंबाजूंनीं झिरपून भरतो, तसा बस्ति सूक्ष्म नाड्यांच्या मुखांतून भरतो. या नाड्या त्यानें आंतड्यांच्या बाजूनें आणिल्या. वृक्काचा तेथें संबंध नाहीं. आज आपणांस ठाऊक आहे कीं, दोन्ही वृक्क मिळून दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळतात, त्यांतील बहुतेक सर्व परत रक्तांत घेतात, व सुमारें दीड लिटर मूत्र बस्तीकडे धाडतात. झिरपण्याची कल्पना ज्या अवयवास लागू पडली असती, तो अवयव ग्रंथकारानें पाहिला होता. परंतु मेदाच्या वेष्टनानें त्याची बुद्धि दुसरीकडे नेली.

रक्ताविषयीं असेंच आहे. आहाराचा रस यकृत् व प्लीहा यांत जाऊन तांबडा होतो, असें सुश्रुत सांगतो. हे दोन्ही अवयव रक्तानें ओथंबलेले असतात, तेव्हां तसें वाटणें साहजिक होतें. गर्भावस्थेंत रक्तकण कांहीं महिने यकृतांत व थोडेबहुत प्लीहेंत खरोखरच तयार होतात. जन्मानंतर तें काम अस्थींतील मज्जा करिते. परंतु एवढ्यावरून ‘प्राचीनांस हें सर्व ज्ञात होतें’ असा डंका पिटणें आम्हांस मान्य नाहीं. योगायोगानें जुळलेलें अनुमान हें ज्ञान नव्हे. हृदय अधोमुख कमळासारखें आहे, हें पाहिलेलें; तें चेतनेचें स्थान आहे, हें मानलेलें. ॲरिस्टॉटलसही तेंच वाटत होतें. पहिलें विधान आजही उभें आहे, दुसरें नाहीं.

याप्रमाणें पाहिलेलें व अनुमानलेलें यांचा विवेक ठेवला तर ग्रंथाचा अपमान होत नाहीं व भाबडेपणाही होत नाहीं. हा विवेक पोथी व देह या दोहोंच्या परिचयावांचून येत नाहीं. कलकत्त्याचे पंडित मधुसूदन गुप्त यांनीं सुश्रुतसंहितेची मुद्रित आवृत्ति काढली, आणि त्याच सुमारास, १८३६ सालीं, तेथील मेडिकल कॉलेजांत शवविच्छेदनास हात घातला. आनंदीबाईचा प्रयत्न त्याच जातीचा होता. चौदाव्या वर्षीं झालेलें तिचें अपत्य दहा दिवसांतच गेलें. प्रसूतिशास्त्र हा विषय तिला केवळ विद्वत्तेचा नव्हता. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें तिचा अंत झाला. तेव्हां तिचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

आतां संग्राहकांस एक विनंति. वैद्यक पोथीची नोंद करितांना ‘सुश्रुत, शारीरस्थान, अपूर्ण’ एवढ्यावर थांबूं नये. संख्या अंकांत आहेत कीं शब्दांत, त्यांत खाडाखोड आहे काय, समासांत एखाद्या अवयवाचें देशी नांव लिहिलें आहे काय, हें टिपावें. शब्दही स्थान बदलतात. संस्कृत ‘कालेय’ म्हणजे यकृत्. त्याच कुळांतील आपलें ‘काळीज’ आज हृदयाच्या जागीं जाऊन बसलें आहे. ‘क्लोम’ कोणी उजवें फुप्फुस मानितात, कोणी पित्ताशय, तर कोणी स्वादुपिंड. आणि मराठी प्राणिशास्त्रांत तोच शब्द माशांच्या कल्ल्यांस लावलेला आहे. अशा स्थितींत समासांतील एक ओळही निर्णायक ठरूं शकते. जुन्या पाठांतील ३०० हा आंकडा किंवा ‘वृक्क’ हा शब्द आजच्या ज्ञानाप्रमाणें गुपचूप ‘सुधारणें’ म्हणजे पुरावा नष्ट करणेंच होय.

त्या विद्यार्थ्यास आज आम्ही असें सांगूं : मूत्राविषयीं तुझें पुस्तक खरें, वृक्क मेदांत असतो हें सुश्रुताचें पाहणेंही खरें, आणि दोहोंमधील अंतर समजून घेणें हाच अभ्यास.