कुठं उतरायचं? हिंगोलीच्या रेल्वेमार्गाची गोष्ट

रेल्वेचा इतिहास सांगायला बसलं की आपण बहुतेक वेळा गाडी सुटल्याचाच इतिहास सांगतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तोफांची सलामी झाली, 34 किलोमीटरचा प्रवास झाला, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण डब्यात बसलेल्या माणसाला कुठं उतरायचं हे कसं कळत होतं? त्याचं गाव आलं हे त्याला कोण सांगत होतं? आज हाच प्रश्न घेऊ, आणि तो हिंगोलीच्या रुळावरून सोडवून पाहू. मधे थोडा वेळ जपानलाही जाऊन येऊ, कारण उतरण्याच्या बाबतीत त्या देशानं बराच विचार केलेला आहे.

हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी इथं 1903 पर्यंत होती, आणि कापसाची बाजारपेठ म्हणूनही गावाचं नाव होतं. 1900 च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन मराठवाड्यातून गेली. तिच्यावरच्या पूर्णा स्टेशनातून 1912 मध्ये एक फाटा हिंगोलीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. पुढं पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडं वऱ्हाड. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात, अलीकडचा मुलूख निजामाचा.

आता उतारूच्या बाजूनं विचार करा. हिंगोली हे शेवटचं स्टेशन. गाडी पुढं जातच नाही. झोप लागली तरी हरकत नाही, वाचता येत नसलं तरी हरकत नाही. सगळा डबा रिकामा व्हायला लागला की आपणही गाठोडं उचलायचं. जवळपास अर्धं शतक हिंगोलीला जाणाऱ्याचं स्टेशन चुकणं शक्यच नव्हतं. अडचण असायची ती पूर्णेला. औरंगाबाद-परभणीकडून येणाऱ्याला किंवा नांदेडकडून येणाऱ्याला पूर्णेला उतरून फाट्याची गाडी धरावी लागे. म्हणून त्या काळातल्या नवख्या माणसाला खरं सांगावं लागे ते एवढंच, की 'पूर्णा सोडू नको'.

दुसरी अडचण नावांची. या भागात दोन मोठी तीर्थस्थानं. एक औंढा नागनाथ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून मानलेलं. दुसरं नर्सी, संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरेनं सांगितलं जाणारं. या दोन्ही गावांना रेल्वे नाही. नर्सीला जायचं तर तिकीट हिंगोलीचं. औंढ्याला जायचं तर जुन्या यात्रेकरूंना वाट सांगितली जायची ती चोंडी स्टेशनची. तिथं उतरायचं आणि पुढं रस्त्यानं. म्हणजे तुम्ही निघालात नागनाथाला, आणि पाटी शोधायची चोंडीची! ही माहिती पाटीवर नव्हती, तिकिटावर नव्हती. ती होती आधी जाऊन आलेल्या माणसाकडं, गावच्या पुजाऱ्याकडं, स्टेशनाबाहेरच्या बैलगाडीवाल्याकडं.

वसमतचंही तसंच. आपण म्हणतो वसमत, रेल्वेच्या कागदावर बसमत. फरक एका अक्षराचा, पण नुकतीच अक्षरओळख झालेल्या माणसाला एक अक्षर फार मोठं असतं. त्यात संस्थानची राज्यभाषा उर्दू, घरची भाषा मराठी, आणि रेल्वेचा कारभार इंग्रजीतून. लिहितावाचता येणारे गावात मोजकेच. अशा ठिकाणी पाटीपेक्षा आवाज उपयोगी. स्टेशनची घंटा, हमालांच्या हाका, शेजारी बसलेल्या काकांना डब्यात चढल्या चढल्या घातलेली विनवणी: 'आमचं गाव आलं की सांगा बरं का'. हीसुद्धा एक व्यवस्थाच होती, मंडळी. तिला कुणी पगार देत नव्हतं, एवढंच.

आता जपानकडं जाऊ. तिथं पहिली रेल्वे 1872 मध्ये, शिम्बाशी ते योकोहामा, आपल्यानंतर 19 वर्षांनी, आणि इंग्रज इंजिनिअरांच्याच मदतीनं. रूळही अरुंद, 1067 मिलिमीटरचे. आपल्या हिंगोलीच्या मीटरगेजचे जवळचे भाऊबंद म्हणा. सुरुवातीला तिथंही स्टेशनवरचा माणूस फलाटावर फिरून गावाचं नाव ओरडायचा. फरक पडला तो पुढं. तिथल्या रेल्वेनं शेजारच्या काकांचं काम हळूहळू स्वतःकडं घेतलं.

जपानी स्टेशनची पाटी कशी असते बघा. मधे या स्टेशनचं नाव, आणि खाली दोन बाजूंना मागचं स्टेशन आणि पुढचं स्टेशन. पाटी दिसली की तुमचं गाव आलं का, गेलं का, की पुढचंच आहे, हे एका नजरेत कळतं. डब्यात घोषणा होते ती पुढच्या स्टेशनची, आणि दार कोणत्या बाजूला उघडणार हेही सांगतात. 2004 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेनं प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि क्रमांक दिला. ज्याला जपानी लिपी येत नाही त्यानं आकडे मोजावेत.

टोकियोतल्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यात आपली मराठी घरंही आहेत. त्यांचं स्टेशन तोझाई मार्गावरचं टी 16. टी 15 गेलं की उठायचं, सोपं आहे. पण त्याच मार्गावर जलद गाड्याही धावतात. तुम्ही जलद गाडीत बसलात तर ती तोयोचो म्हणजे टी 14 सोडते आणि मधली तीन स्टेशनं गाळून थेट उरायासूला थांबते. उरायासू टोकियोच्या हद्दीबाहेर, चिबा प्रांतात! तेव्हा क्रमांक, पाट्या, घोषणा सगळं असूनही 'ही गाडी माझ्या गावाला थांबते का' हा प्रश्न प्रवाशालाच विचारावा लागतो. लांब पल्ल्याच्या शिनकानसेनचंही तसंच: ती 1964 मध्ये सुरू झाली, आणि तिचं स्टेशन शिन-ओसाका, ओसाका स्टेशन वेगळं. म्हणजे औंढा आणि चोंडी तिकडंही आहेत, फक्त त्यांची पाटी लावलेली आहे.

परत हिंगोलीला येऊ. 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि पैनगंगेची सीमा सीमा राहिली नाही. हिंगोली ते अकोला आणि पुढं खंडवा असा मीटरगेजचा दुवा 1960 च्या सुमारास पुरा झाला. माळवा-राजस्थानची मीटरगेज आणि दख्खनची मीटरगेज एकमेकींना मिळाल्या. जयपूर आणि काचीगुडा यांना जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस हिंगोलीवरून धावू लागली. गावाला हे मोठंच भाग्य. पण याचा दुसरा अर्थ आपण सहसा मांडत नाही: त्या दिवसापासून हिंगोली शेवटचं स्टेशन राहिलं नाही, मधलं झालं. गाडी रात्री-अपरात्री येणार, दोन-चार मिनिटं थांबणार आणि निघून जाणार. आता स्टेशन चुकू शकत होतं.

पुढं मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला आणि हिंगोलीचा फाटा काही वर्षं मीटरगेजच राहिला. पुन्हा पूर्णेला उतरा, पुन्हा सामान उचला. 2008 मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला आणि हिंगोलीवरून लांबच्या गाड्या सुरू झाल्या. दरम्यान 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा झालेला होता.

आज स्टेशनवर गेलात तर पाटी वाचा: 'हिंगोली डेक्कन'. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती रूळ बांधणाऱ्यांच्या कामाची. खिडकीतून बघणाऱ्या म्हातारीला समुद्र किती खाली आहे याच्याशी काय करायचं? तिला हवंय पुढचं गाव कोणतं ते. आपल्या पाटीनं इंजिनिअरची सोय पाहिली, जपानच्या पाटीनं उतारूची, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

हे बोलण्यासारखं का आहे? कारण स्टेशन चुकण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. खिशात मोबाइल आणि पैसे असलेला माणूस पुढच्या स्टेशनवर उतरून परत येतो. मजुरीला बाहेर गेलेलं कुटुंब, पोरं आणि भांडीकुंडी घेऊन परत येताना पहाटे तीनला पुढं वाहून गेलं, तर त्यांची तिकिटाची हद्द संपलेली असते, परतीची गाडी कधी ते ठाऊक नसतं, आणि फलाटावर अंधार असतो. दवाखान्यात निघालेल्या माणसाचा तर दिवसच जातो. गाडी वाढली, वेग वाढला, थांबा मात्र दोन मिनिटांचाच. मग उतरणाऱ्याला आधीच कळवणं हे रेल्वेचंच काम ठरतं. 139 क्रमांकावर स्टेशन येण्याआधी जागं करण्याची सोय आता आहे, पण ती ज्याला ठाऊक, त्याच्यापुरती.

शेजारच्या काकांची व्यवस्था अजून चालू आहे, आणि ती चालू राहावी. पण 1912 मध्ये गाडी हिंगोलीलाच थांबायची म्हणून ती पुरत होती. आता गाडी पुढं जाते. तेव्हा पाटीवर उंचीच्या शेजारी मागचं आणि पुढचं गाव लिहायला रंगाचा एक डबा पुरेल, असं आम्हाला वाटतं. थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.