रूळ तेच, नियम वेगळे : कॅसलरॉकची गोष्ट

"पीएचडीचा विषय काय?" असं कुणी विचारलं की मी "सीमेवरची रेल्वे" असं सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे वाघा बॉर्डर का?" तर नाही. माझी सीमा बरीच जवळची आहे. पुणे-मिरज-बेळगाव मार्गे गोवा एक्स्प्रेसने गेलात, तर लोंढ्यानंतर कॅसलरॉक लागतं. घाटासाठी इथे जादा इंजिनं जोडतात, तेवढ्यात लोक चहा पिऊन घेतात आणि दूधसागर कुठल्या बाजूला दिसणार याची चौकशी सुरू होते. आज हे कर्नाटकातलं एक छोटं स्टेशन आहे. १९६१ पर्यंत मात्र ही ब्रिटिश (आणि नंतर स्वतंत्र) भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातली हद्द होती.

आधी थोडं विज्ञान, कारण एमएस्सीची सवय सुटत नाही. कॅसलरॉक ते कुळे या घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. खंडाळ्याच्या घाटातही असाच चढ आहे. हजार टनांची गाडी इथून वर न्यायची तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २७ टनांची ओढ लागते. घर्षण वेगळंच. असा खर्चिक मार्ग कुणी धबधबा बघायला बांधत नाही.

मग कशासाठी बांधला? १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. दोघांमधली जकात उठली, गोव्यातल्या मिठावर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं आणि त्याबदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. हुबळी-धारवाडकडचा कापूस मुरगाव बंदरातून बाहेर जाईल, या हिशेबावर रेल्वे आखली गेली. पोर्तुगीज सरकारने कंपनीला व्याजाची हमी दिली आणि १८८८ पर्यंत मीटरगेज रूळ सीमेला भिडले.

हिशेब चुकला. लोंढा-मिरज-पुणे मार्ग तयार झाल्यावर मालाला मुंबईची वाट मोकळी झाली. त्यात १८९२ मध्ये करार संपला आणि जकात परत आली. रुळांना काहीच झालं नव्हतं, पण सीमेवर पुन्हा पेट्या उघडल्या जाऊ लागल्या. मालाच्या आशेवर बांधलेल्या या मार्गाचा मोठा आधार मग माणसं ठरली : मुंबईत नोकरीला निघालेले गोवेकर, जहाजांवरचे खलाशी, बँडमधले वादक, सणाला घरी परतणारी कुटुंबं.

१९५५ मध्ये गोवामुक्तीच्या लढ्यात भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि सीमेवरची रेल्वे वाहतूक थांबली. पुन्हा तेच : रूळ जागेवर, गाडी बंद. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, सीमाच उरली नाही आणि नंतर हाच मार्ग पर्यटकांचा झाला. नव्वदच्या दशकात इथे ब्रॉडगेज आलं, पण १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईच्या पर्यटकांना किनाऱ्यालगतची थेट वाट मिळाली. घाटाच्या वाट्याला राहिला दूधसागर.

आता मुद्द्यावर येते. सीमाभागात रेल्वे न्या, पर्यटन वाढेल, पर्यटन आलं की गावं सुधारतील, असं आपण सहज म्हणतो. या मार्गाचा इतिहास मला वेगळं सांगतो. इथे दैव पालटलं ते दर वेळी नव्या रुळांमुळे नव्हे. कुणाला जायची मुभा आहे, गाडी कुठे थांबते, तपासणी कुठे होते, यावर सगळं ठरलं.

आजही तसंच आहे. दूधसागर पावसाळ्यात सगळ्यात सुंदर असतो आणि नेमक्या त्याच वेळी कुळ्याहून अभयारण्यातून जाणाऱ्या जीप बंद असतात. मग लोक रुळांवरून चालत निघतात. जुलै २०२३ मध्ये अशांना अडवून उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. रुळांवर चालणं धोक्याचं आहे, बंदी योग्यच. पण सुरक्षित, कायदेशीर वाट नसेल तर कुळ्यातल्या जीपवाल्याच्या घरात पावसाळ्यात काय येणार? दुसरीकडे याच घाटात दुहेरी रूळ टाकायचा प्रस्ताव होता. हा खटाटोप मुरगावच्या कोळशासाठी आहे, असा गोव्यातल्या आंदोलकांचा आक्षेप होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

म्हणजे १८८० च्या दशकातला प्रश्न अजून तिथेच आहे : हा मार्ग दोन टोकांसाठी, की मधल्या गावांसाठीही? म्हणून मी रुळांच्या लांबीपेक्षा जुन्या वेळापत्रकांकडे आणि जकातीच्या नियमांकडे जास्त बघते. गाडी गावातून जाते की गावात थांबते, हे तिथेच कळतं.