नाशिकच्या सीमेवरील गृहवसाहती : ‘नवीन नाशिक’चा इतिहास आणि शाश्वत नियोजनाचा प्रश्न

प्रस्तावना

नागरीकरण ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राच्या इतिहासातील एक महत्त्वाची प्रक्रिया होय. मुंबई व पुणे या महानगरांच्या वाढीवर विपुल लेखन झाले आहे. तथापि नाशिकसारख्या विभागीय शहराची वाढ कोणत्या जमिनीवर, कोणत्या पाण्यावर आणि कोणाच्या निर्णयाने झाली, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाने तुलनेने कमी लक्ष दिले आहे. २००१ च्या जनगणनेत नाशिक महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १० लाख ७७ हजार होती. २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजारांवर गेली. ही वाढ जुन्या गावठाणात सामावणे शक्य नव्हते. ती शहराच्या सीमेवरील मळ्यांमध्ये, खेड्यांच्या शिवारात झाली.

‘आपले सामाईक भवितव्य’ या आशयाच्या शीर्षकाचा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा रूढ झाली. पुढच्या पिढीच्या गरजा भागविण्याची क्षमता शाबूत ठेवून आजच्या पिढीच्या गरजा भागविणे, हा तिचा गाभा आहे. नाशिकची ‘नवीन नाशिक’ ही वसाहत या संज्ञेपूर्वी सुमारे एक दशक आकाराला येऊ लागली. ही वसाहत उभी राहताना पुढच्या पिढीचा विचार कितपत झाला आणि जो झाला नाही त्याची किंमत कोणी मोजली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

१. औद्योगिकीकरणापूर्वीची शहराची सीमा

नाशिक नगरपालिकेची स्थापना १८६४ मध्ये झाली. त्या काळी शहर म्हणजे गोदावरीच्या उजव्या तीरावरील जुने नाशिक आणि पलीकडील पंचवटी. लोहमार्ग शहरापासून दूर गेल्याने स्थानकाभोवती नाशिकरोड ही स्वतंत्र वस्ती निर्माण झाली. तेथे १९२५ मध्ये प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले. देवळालीला लष्करी छावणी होती. अशा रीतीने नाशिक हे प्रारंभापासूनच एकसंध नगर नव्हते. परस्परांपासून काही मैल अंतरावरील वस्त्यांचा तो समूह होता आणि मधल्या जमिनीवर शेती होत असे.

स्वातंत्र्योत्तर काळात या चित्रात दोन मोठे बदल झाले. पहिला बदल पाण्याचा. शहराच्या पश्चिमेस गोदावरीवर बांधलेले गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. मातीच्या या धरणाचा मूळ हेतू मुख्यत्वे सिंचनाचा होता. दुसरा बदल उद्योगांचा. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सातपूर येथे व पुढे अंबड येथे औद्योगिक क्षेत्र विकसित केले. १९६४ मध्ये ओझर येथे विमाननिर्मितीचा कारखाना सुरू झाला. कारखान्यांसाठी भूखंड, रस्ते व वीज यांची तजवीज शासनाने केली. परंतु त्यांत काम करणाऱ्यांच्या निवाऱ्याची तजवीज त्याच वेगाने झाली नाही. जिल्ह्यातून, खानदेशातून आणि मराठवाड्यातून आलेला कामगार जुन्या नाशकातील वाड्यांत भाड्याने राहिला अथवा कारखान्यांजवळील खेड्यांत खोली शोधू लागला.

२. ‘नवीन नाशिक’ची उभारणी

शहर व औद्योगिक विकास महामंडळ म्हणजेच ‘सिडको’ ही संस्था १९७० मध्ये प्रामुख्याने नवी मुंबईच्या उभारणीसाठी स्थापन झाली. राज्यातील अन्य वाढत्या शहरांलगतही तिने वसाहती विकसित कराव्यात, असे धोरण पुढे स्वीकारले गेले. त्यानुसार तत्कालीन औरंगाबाद, नाशिक आणि नांदेड येथे नवनगरांची कामे हाती घेण्यात आली. नाशिकमधील काम १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले.

या वसाहतीसाठी निवडलेली जागा अर्थपूर्ण होती. मुंबई-आग्रा महामार्गाच्या पश्चिमेस, सातपूर व अंबड या औद्योगिक क्षेत्रांच्या सान्निध्यात उंटवाडी, मोरवाडी, कामटवाडे व अंबड या गावांचे शिवार होते. कामगाराला कारखान्यात सायकलने जाता यावे इतके हे अंतर होते. निवास व रोजगार यांची जवळीक हा आज शाश्वत नगरनियोजनाचा पहिला निकष मानला जातो. नाशिकमध्ये तो अर्धशतकापूर्वी प्रत्यक्षात आला होता, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

सिडकोने एकूण सहा योजनांमध्ये सुमारे २५ हजार घरे बांधली. त्यांतील मोठा हिस्सा आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी होता. घरे आकाराने लहान, बहुतांशी बैठी आणि एकमेकांस लागून होती. ती हप्त्यांनी व जमिनीच्या भाडेपट्ट्यावर देण्यात आली. ‘एन-४१’, ‘एन-४२’ असे विभागक्रमांक रहिवाशांच्या पत्त्यांत आले आणि त्यांच्या जोडीला सावतानगर, पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक अशी नावे रूढ झाली. नाशिककरांच्या बोलण्यात मात्र संपूर्ण वसाहतच ‘सिडको’ झाली. निर्माण करणाऱ्या संस्थेचे नाव गावाचे नाव व्हावे, यातच त्या संस्थेने भरून काढलेल्या गरजेचे प्रमाण दिसते. शिपाई, यंत्रचालक, प्राथमिक शिक्षक, हातगाडीवाला अशा कुटुंबांना कायदेशीर हक्काचे घर मिळण्याचा दुसरा मार्ग त्या काळी फारसा उपलब्ध नव्हता.

३. वाढते कुटुंब आणि न वाढणारी गल्ली

या यशातच पुढील प्रश्नाचे बीज होते. एका कुटुंबासाठी दिलेल्या एक-दोन खोल्या दुसऱ्या पिढीला अपुऱ्या पडल्या. मुलांची लग्ने झाली, गावाकडील नातलग शिक्षणासाठी आले, उत्पन्नाला जोड म्हणून एखादी खोली भाड्याने देण्याची गरज भासली. घरापुढील मोकळी जागा प्रथम पत्र्याने आच्छादली गेली, नंतर तेथे भिंती उभ्या राहिल्या, त्यावर मजला चढला आणि जिना गल्लीत उतरला. मूळ अभिन्यासातील अरुंद रस्ते बैठ्या घरांच्या व सायकलच्या हिशेबाने आखलेले होते. घरे दुमजली-तिमजली झाल्यावर आणि दाराशी वाहने आल्यावर तेथे अग्निशामक बंब अथवा रुग्णवाहिका शिरणे कठीण झाले.

या वाढीव बांधकामांकडे दीर्घकाळ केवळ अतिक्रमण म्हणून पाहिले गेले. २०१८ मध्ये महानगरपालिकेने अशा बांधकामांवर खुणा करण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा रहिवाशांनी तीव्र विरोध केला आणि ती थांबवावी लागली. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्याजोगे होते. सार्वजनिक सुरक्षिततेची जबाबदारी पालिकेला टाळता येत नव्हती. उलटपक्षी तीस-चाळीस वर्षांच्या मिळकतीतून चढविलेला मजला हीच रहिवाशाची एकमेव संपत्ती होती.

या संदर्भात इंदूर येथील ‘अरण्य’ वसाहतीशी तुलना उद्बोधक ठरते. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात आखलेल्या सुमारे साडेसहा हजार निवासांच्या या वसाहतीत गरीब कुटुंबाला भूखंड, जोते आणि पाणी-स्वच्छतागृहाची सोय असलेला गाभा देण्यात आला. घर पुढे कुटुंबाने वाढवायचे, हे तेथे गृहीतच धरले होते. ते कोणत्या दिशेने व किती वाढू शकेल, याचे नमुनेही दाखवून दिले होते. या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तेथेही सर्व काही आराखड्याप्रमाणे घडले असे नाही. तथापि घराची वाढ हा नियोजनाचा भाग मानणे आणि तिला नियमभंग मानणे, यांतील अंतर या तुलनेतून स्पष्ट होते. नाशिकमध्ये घर नियोजित होते. त्याची वाढ मात्र अनियोजित राहिली.

४. जमीन देणारे

नवनगरासाठी लागलेली जमीन शेतकऱ्यांची होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या चौकटीत रोख मोबदला देऊन जमीन घेण्याची पद्धत त्या काळी सर्वत्र प्रचलित होती. या पद्धतीत जमिनीच्या पुढील मूल्यवाढीत मूळ मालकाचा वाटा नसे. नवी मुंबईत याच प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले आणि जानेवारी १९८४ मधील जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. त्यानंतर तेथे प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के वाटा देण्याचे धोरण आले. संपादित जमिनीच्या विकासात मूळ धारकाला भागीदार करावे लागते, हा धडा महाराष्ट्राच्या नगरनियोजनाने रक्त सांडल्यावर घेतला.

नाशिकमध्ये या प्रश्नाला आणखी एक पैलू होता. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक व नाशिकरोड-देवळाली या नागरी वस्त्यांसह आसपासची वीसहून अधिक खेडी तिच्या हद्दीत आली आणि क्षेत्र सुमारे २५९ चौरस किलोमीटर झाले. परंतु महापालिकेची पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली. मधली दहा वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजेच ज्या काळात खेड्यांच्या शिवाराचे भवितव्य ठरत होते, त्याच काळात त्यांची ग्रामपंचायत संपुष्टात आली होती आणि नगरसेवक अद्याप निवडून आलेला नव्हता.

५. पाण्याचा हिशेब

वसाहतीच्या शाश्वततेचा सर्वांत कठोर निकष पाणी हा आहे. सिंचनासाठी बांधलेल्या गंगापूर धरणावर शहराची तहान क्रमाने वाढत गेली. पुढे दारणा आणि मुकणे या धरणांचेही पाणी शहरासाठी घ्यावे लागले. शहराच्या सीमेवर उभी राहणारी प्रत्येक नवी वसाहत ही अप्रत्यक्षपणे कालव्याच्या लाभक्षेत्रातील कोणाच्या तरी पाण्यावर उभी असते. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये गोदावरी खोऱ्यातील समन्यायी पाणीवाटपाचा आदेश दिला. तुटीच्या वर्षी नाशिक व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याची पद्धत त्यातून निश्चित झाली. त्यामुळे नाशिकच्या गृहनियोजनाचा संबंध पैठणच्या शेतकऱ्याशीही आहे, हे मान्य करणे भाग पडले.

पाण्याची दुसरी बाजू निचऱ्याची. नवीन नाशिकच्या कडेने वाहणारी नासर्डी, म्हणजेच नंदिनी, टाकळीजवळ गोदावरीस मिळते. तिच्या काठावरील बांधकामे, औद्योगिक व घरगुती सांडपाणी आणि भराव यांमुळे तिचे रूप नाल्यासारखे झाले. सप्टेंबर २००८ च्या महापुराने शहराला नद्यांची मूळ पात्रे आठवून दिली. त्यानंतर निळ्या व लाल पूररेषांचा विषय ऐरणीवर आला आणि काठावरील बांधकामांवर निर्बंध आले. परंतु तोपर्यंत अनेक अभिन्यास मंजूर होऊन तेथे लोक राहावयास गेलेले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा पूर आला. जी रेषा सातबाऱ्याच्या बिनशेती आदेशापूर्वी आखावयास हवी होती, ती घरे झाल्यावर आखली गेली.

६. विकास आराखड्यापासून मखमलाबादपर्यंत

महानगरपालिकेचा विकास आराखडा १९९३ मध्ये मंजूर झाला. त्यातील शाळा, उद्याने व रस्ते यांसाठीची आरक्षणे ताब्यात घेण्यास निधी अपुरा पडत राहिला. सुधारित आराखड्याचा २०१३ मधील मसुदा शेतकऱ्यांच्या व नागरिकांच्या विरोधामुळे रद्द झाला. नव्याने केलेल्या आराखड्यास जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. या दीर्घ काळात सीमेवरील वाढ थांबली नव्हती. ती खासगी अभिन्यासांतून आणि काही ठिकाणी गुंठेवारीने होत राहिली.

२०१६ मध्ये नाशिकची निवड ‘स्मार्ट सिटी’ अभियानात झाली. त्याअंतर्गत मखमलाबाद व हनुमानवाडी शिवारातील सुमारे ७५० एकर क्षेत्रावर नगररचना योजना प्रस्तावित झाली. या पद्धतीत जमीन संपादित न करता एकत्रित केली जाते आणि रस्ते व सुविधांचा भाग वगळून विकसित भूखंड मूळ मालकास परत मिळतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ज्ञात असलेली ही पद्धत सिद्धान्ततः जुन्या भूसंपादनापेक्षा न्याय्य आहे. तरीही मखमलाबादच्या शेतकऱ्यांमध्ये तीव्र मतभेद झाले आणि अभियानाची मुदत मार्च २०२५ मध्ये संपेपर्यंत ही योजना प्रत्यक्षात उतरली नाही. डाव्या कालव्यामुळे या शिवारात बागायत आहे. द्राक्षाचा मळा दरवर्षी उत्पन्न देतो. विकसित भूखंडाचे मूल्य मात्र केव्हा व किती मिळेल, हे योजनेच्या गतीवर अवलंबून असते. आधीच्या चार दशकांत आराखड्यांना लागलेला विलंब पाहिलेल्या शेतकऱ्याचा अविश्वास केवळ हटवादीपणा म्हणून बाजूला सारता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, नवीन नाशिक ही अल्प उत्पन्न गटाला रोजगाराजवळ हक्काचा निवारा देणारी यशस्वी वसाहत होती आणि सार्वजनिक संस्थेने वेळेत जमीन हाती घेतल्यामुळेच ते शक्य झाले. त्यानंतर सीमेवर झालेल्या खासगी वाढीत या गटाला तितके स्थान राहिले नाही. दुसरी, घराच्या नैसर्गिक वाढीला नियमांत जागा न दिल्याने एका पिढीची बचत पुढे बेकायदा ठरली. तिसरी, नदीची पूररेषा आणि धरणातील पाण्याचा वाटा हे विषय नियोजनात वसाहतीनंतर आले; त्यांचा क्रम उलट असावयास हवा होता. चौथी, जमीन देणाऱ्याचा वाटा आणि त्याचा निर्णयातील सहभाग यांखेरीज कोणतीही योजना, ती कायद्याच्या दृष्टीने कितीही निर्दोष असली तरी, शिवारात उतरत नाही.

नाशिकच्या सीमेवरील पुढील वसाहती आता महापालिका हद्दीबाहेरील गावांच्या शिवारात आकार घेत आहेत. तेथे अद्याप ओढे वाहते आहेत, विहिरींना पाणी आहे आणि ग्रामपंचायती कार्यरत आहेत. नवीन नाशिकमध्ये जे प्रश्न घरे बांधून झाल्यावर विचारले गेले, ते या गावांत पहिला अभिन्यास मंजूर होण्यापूर्वी विचारता येण्यासारखे आहेत. त्यासाठी लागणारा अनुभव नाशिक शहरापाशी अर्धशतकाचा आहे.