भरतीला सरकार गावात येतं, औषधाला शिपायाने कुठे जायचं?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. पण आपल्या धरणगावची आहे, आणि ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे किंवा होतं त्यांच्या कामाची आहे. म्हणून सवडीने वाचा.

धरणगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला बालकवी आठवतात. इतिहास वाचणाऱ्याला सतराव्या शतकातली इंग्रजांची वखार आणि इथलं कापड आठवतं. पण आपल्या गावाची आणखी एक ओळख आहे, जी आपणच विसरून गेलोय. खान्देश भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, १८२५ साली उभी राहिली आणि तिचं मुख्य ठाणं होतं धरणगाव. २०२५ साली त्या गोष्टीला दोनशे वर्षं झाली.

थोडं मागे जाऊ. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश कंपनी सरकारच्या हातात आला. हातात आला म्हणायचं, पण सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्ल नाईकांचा अंमल होता. कंपनीने पलटणी पाठवून पाहिल्या. डोंगरात लढाईत जेवढी माणसं गेली नसतील तेवढी तापाने झोपवली. सातपुड्याचा हिवताप बाहेरच्या शिपायाला सोसत नव्हता. एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी धोरण बदललं. तीन भिल्ल एजन्सी काढल्या आणि ईशान्येकडच्या एजन्सीत भिल्लांचीच पलटण उभी करायचं काम जेम्स औट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटवर सोपवलं.

औट्रमने काय केलं ते नीट पाहा, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. तो पहारा न घेता डोंगरात गेला. नाईकांमध्ये राहिला, त्यांच्यासोबत दारू प्याला, वाघाच्या शिकारी केल्या. आधी फक्त पाच जण तयार झाले. मग आकडा वाढत गेला आणि दोन-चार वर्षांत शेकड्यांची पलटण झाली. औट्रम जवळपास दहा वर्षं, १८३५ पर्यंत, खान्देशात होता.

मला औट्रमची आरती ओवाळायची नाही. ही पलटण भिल्लांनाच भिल्लांविरुद्ध वापरायला काढली होती. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईकांच्या माणसांवर जी फौज चालून गेली तिच्यातही ही पलटण होती. ते विसरून चालणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. सरकारला शिपाई हवा होता तेव्हा सरकार त्याच्या दारापर्यंत चालत गेलं. डोंगर, ताप, भाषा, कशाचीच अडचण आली नाही.

आता उलटा प्रवास बघू. तोच शिपाई जखमी झाला, म्हातारा झाला, आजारी पडला, तर सरकार किती चालून आलं?

कंपनीच्या काळापासून रीत अशी होती की म्हाताऱ्या शिपायाने छावणीच्या सावलीला जाऊन राहायचं. कोकणात दापोलीची छावणी होती. १८४० च्या सुमारास तिथली नेहमीची पलटण हलवली आणि १८५७ च्या सुमारापर्यंत तिथे निवृत्तीला आलेल्या शिपायांची व्हेटरन बटालियन राहिली. बटालियन गेली तरी पेन्शनरांची वस्ती राहिली. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, निवृत्त झाल्यावर कुटुंब घेऊन आधी दापोलीलाच राहायला गेले होते. गोपाळबाबा वलंगकर हेसुद्धा फौजेतून १८८६ ला निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. पेन्शनर छावणीकडे जायचा, छावणी पेन्शनरकडे यायची नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुण्याची सहावी डिव्हिजन गेली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनची लढाई झाली आणि जखमींना टायग्रिस नदीतून बोटींनी बसऱ्याला आणलं. ना पुरेशा बोटी, ना पुरेसे डॉक्टर. बसऱ्याला मेजर कार्टर नावाचे लष्करी डॉक्टर होते. एक बोट येताना लांबून त्यांना वाटलं कडेला दोर लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं, ते दोर नव्हते. जागेवरून हलता न येणाऱ्या, हगवण लागलेल्या जखमींची घाण बोटीच्या कडेने ओघळून सुकली होती.

कार्टरनी हे वर कळवलं. वरच्यांनी त्यांनाच दमात घेतलं, गप्प बसला नाहीत तर हुद्दा जाईल म्हणून. पण गोष्ट दबली नाही. चौकशी आयोग बसला आणि १९१७ मध्ये अहवाल बाहेर आला. औषधपाण्याची व्यवस्था कोसळली होती, हे सरकारला छापून कबूल करावं लागलं.

त्याच १९१७ मध्ये मुंबईत अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. हातपाय गेलेल्या शिपायाला पोट भरण्यासाठी काही धंदा शिकवायचा, हा हेतू. नंतर ते खडकीला आलं आणि आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ ला, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघालं. १९४८ ला पुण्यातच एएफएमसी. १९७४ ला खडकीला पॅराप्लेजिक सेंटर, मणक्याला मार लागून कमरेखालचं शरीर गेलेल्या जवानांसाठी.

या संस्थांचं काम खरोखर मोठं आहे, त्यात दुमत नाही. मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या. आपल्या सांगली जिल्ह्यातला माणूस, ईएमईचा जवान. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार झाले आणि उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले. १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण. भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण हेच. चांगला उपचार, वेळेवर आणि दीर्घकाळ मिळाला तर काय होऊ शकतं, ते यावरून कळतं.

पण आता नकाशा घ्या आणि या सगळ्या संस्थांवर बोट ठेवा. खडकी, पुणे, मुंबई. आमच्याकडून सर्वात जवळचं म्हणाल तर देवळाली. धरणगावहून पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास. सत्तरीच्या माणसाने, गुडघे धरलेले, साखर वाढलेली, सोबत म्हातारी, रात्रीची गाडी पकडून जायचं आणि सकाळी रांगेत उभं राहायचं.

आणि २००३ पर्यंत तर तिथेही हक्काची जागा नव्हती. नोकरीत असलेल्या जवानांचं भागून खाट उरली, तर पेन्शनरला. १९९७ पासून औषधपाण्यासाठी महिना शंभर रुपये भत्ता मिळायचा. हो, शंभर.

१ एप्रिल २००३ ला ईसीएचएस सुरू झाली, म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर माजी सैनिकांच्या आरोग्यासाठी झालेलं हे सर्वात मोठं काम. एकदा वर्गणी भरायची (१९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना तीही माफ), कार्ड घ्यायचं, आणि पती-पत्नी दोघांना आयुष्यभर उपचार. आधी पॉलिक्लिनिकला जायचं, तिथला डॉक्टर तपासतो, गरज असेल तर रेफर करतो, आणि यादीतल्या खासगी रुग्णालयात पैसे न भरता उपचार होतात. २२७ पॉलिक्लिनिकपासून सुरुवात झाली, पुढे आकडा चारशेच्या वर गेला.

कागदावर उत्तम. मग गावात कुरकुर का ऐकू येते?

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार आहेत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. बीपी, शुगर दोन्ही. त्यांना विचारलं, आबा, कार्ड आहे ना, मग गोळ्या दुकानातून विकत का घेता? म्हणाले, "इतलं लांब कोन जाई भो? गाडीभाडं, एक दिवस मोडतो, अन् तिथं चारपैकी दोन गोळ्या संपेल राहतीस." मग हसून म्हणाले, "दोन गोळ्यांसाठी एवढं भाडं घालवण्यापेक्षा इथलं मेडिकल बरं."

हे एकट्या आबांचं रडगाणं नाही. २०१५ साली कॅगने या योजनेची तपासणी केली तेव्हा औषधांचा तुटवडा आणि बिलांच्या तपासणीतले दोष नोंदवले होते. बिलांचा मुद्दा साधा वाटतो, पण तोच नाडी आहे. सरकारी दर कमी, त्यात पैसे उशिरा. मग खासगी रुग्णालय यादीतून बाहेर पडतं किंवा 'खाट नाही' म्हणतं. मोठ्या शहरात एक रुग्णालय गेलं तरी दुसरं असतं. खान्देशात एक गेलं तर पुढचा पर्याय दुसऱ्या जिल्ह्यात.

म्हणजे योजना आली, पैसा आला, कार्ड आलं, पण अंतर तेवढंच राहिलं.

आता पुढची गोष्ट, आणि ही आपल्या पोरांची आहे. ईसीएचएस ही पेन्शनला जोडलेली आहे. २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे अधिकारी असे काही गट तिच्यात घेतले, पण साधारण नियम तोच, पेन्शन नाही तर कार्ड नाही. २०२२ ला अग्निपथ आली. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होतील, बाकीची घरी. त्या बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसही नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर प्रमाणानुसार १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी मदत आहे. रक्कम लहान नाही. पण पाठीच्या मणक्याचा, कानाचा किंवा मनाचा त्रास कधीकधी दहा वर्षांनी डोकं वर काढतो. तेव्हा तो कुठल्या दवाखान्याच्या दारात उभा राहणार? पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणाला गेल्या. त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. पहाटे रस्त्यावर धावणारी आपल्या भागातली पोरं तुम्हीही बघता. त्यांच्या आईबापांना हे माहीत असायला हवं.

मग मागायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात.

एक. ईसीएचएसमध्ये फिरत्या पॉलिक्लिनिकची तरतूद आधीपासून आहे. धरणगाव, एरंडोल, चोपडा, पारोळा या पट्ट्यात महिन्यातून दोनदा गाडी आली, डॉक्टर आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन, तर निम्मी हेलपाटी वाचतील. बीपी-शुगरच्या माणसाला मोठं रुग्णालय रोज लागत नाही, त्याला गोळी नियमित लागते.

दोन. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावोगावी ग्रामीण रुग्णालयं आहेत. माजी सैनिकाला तिथे तपासून घेता यावं आणि त्या चिठ्ठीवर रेफरल चालावं, एवढी सांगड घालायला नवी इमारत लागत नाही. आदेश लागतो.

तीन. चार वर्षं देऊन परत आलेल्या मुलाला, निदान सेवेतून आलेल्या आजारापुरता, लष्करी रुग्णालयाचा दरवाजा आयुष्यभर उघडा असावा.

हे होईपर्यंत आपल्या हातातलं सांगतो. कार्ड असेल आणि अचानक हार्ट अटॅक, अपघात असं काही झालं, तर यादीत नसलेल्या जवळच्या रुग्णालयातही भरती करता येतं. मात्र ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि सगळी कागदपत्रं जपा, म्हणजे ठरलेल्या दराने खर्च परत मागता येतो. पेन्शन नसलेले जुने सैनिक आणि त्यांच्या विधवा यांनी जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. वैद्यकीय मदतीच्या काही योजना खास त्यांच्यासाठी आहेत आणि माहीत नसल्यामुळे बरेच जण अर्जच करत नाहीत. वीरपत्नी, वीरमाता यांचे कागद भरून द्यायला गावातल्या शिकलेल्या पोरांनी एक रविवार दिला तरी पुष्कळ.

दोनशे वर्षांपूर्वी शिपाई हवा होता, तर एक लेफ्टनंट पहारा न घेता सातपुडा चढून गेला. आज धरणगावपर्यंत डांबरी रस्ता आहे, रेल्वे स्टेशन आहे. औषधांची एक गाडी यायला काय हरकत आहे?

तुमच्या गावातल्या माजी सैनिकांचा अनुभव खाली लिहा, चांगला असेल तर तोही लिहा. रुग्णालयांची नावं नकोत, अडचण काय ती लिहा. सगळं एकत्र करून निवेदन तयार करू आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जाऊ. निवेदनावर पहिली सही करायला आबा तयार झालेत.