तालीम, शाळा आणि आपल्या लेकी

सोलापुरातल्या आपल्या वस्त्यांत मुलं-मुली, मोठी माणसंही कराटे शिकतात. पण या शिक्षणामागचा आपला इतिहास त्यांना कुणी सांगतं का? पुण्यात लहुजी साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. त्याच जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी उलट हात उगारू दिला नाही. त्याच वर्षी समता सैनिक दल उभं राहिलं. म्हणजे आपली लाठी मारामारीसाठी नाही, हक्क बजावताना पाय रोवून उभं राहण्यासाठी आहे. मग मुलगी वयात आली की आपण तिचं नाव वर्गातून का काढतो? वारसा लहुजींचा सांगायचा आणि लेकींना घरी बसवायचं, हे आंबेडकरी नव्हे. जय भीम!