चढणीचा भार उतरला तेव्हा

आजी-आजोबा, मुलं आणि नातवंडं बर्फाच्या एकाच उतारावर सुट्टी घालवताहेत, हे दृश्य आल्प्समध्ये किंवा कोलोरॅडोत आता नवलाचं राहिलेलं नाही. त्याचं श्रेय सहसा वाढलेल्या आयुर्मानाला आणि उतारवयातल्या हौसेला दिलं जातं. ते मला अर्धंच खरं वाटतं. हौस आधीही असेल, पण 1930 च्या आधी बहुतेक ठिकाणी खाली घसरत यायचं तर वर पायीच जावं लागे. पायाला बांधायच्या लांब लाकडी फळ्या म्हणजे स्की; त्यांच्या तळाला सीलच्या कातड्याची पट्टी बांधायची. तिच्यावरचे केस मागे वळलेले असल्यामुळे पाऊल पुढे सरके, पण मागे घसरत नसे. असं तासन्‌तास चढल्यावर हाती लागे तो काही मिनिटांचा उतार. पंचविशीतल्या माणसाला हा हिशेब परवडे. साठीतल्या माणसाचा दम उतार सुरू होण्याआधीच संपे. म्हणून या सुट्टीचा इतिहास शोधायचा तो अभियंत्यांच्या कामात, असं माझं म्हणणं आहे.

1934 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला अर्न्स्ट कॉन्स्टाम या अभियंत्यानं माणसांना बर्फावरून ओढून वर नेणारी लिफ्ट सुरू केली. त्याहून मोठी उडी 1936 ची. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक रेल्वेला आयडाहोमधल्या सन व्हॅलीत प्रवासी हवे होते. त्यांच्याकडच्या जेम्स करन या अभियंत्याला जहाजात केळीचे घड चढवणारी यंत्रणा ठाऊक होती. फिरत्या दोरावर आकडे आणि आकड्यांना लटकलेले घड, अशी तिची रचना. करननं घडाच्या जागी खुर्ची टांगली आणि माणूस बसून डोंगर चढू लागला. आपल्याकडेही वेगळं घडलं नाही. गुलमर्गला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1927 मध्येच स्की क्लब काढला होता; पण मराठी घरांतले आजी-आजोबा सहलीत तिथल्या अफरवाट डोंगराच्या बर्फापर्यंत पोहोचू लागले ते 1998 मध्ये सुरू झालेली गोंडोला, म्हणजे केबल कार, 2005 मध्ये तिथवर गेल्यानंतर.

चढण सुटली तरी पडण्याची भीती उरलीच. जुन्या पद्धतीत बूट स्कीला पट्ट्यांनी आणि तारेनं पक्का जखडलेला असे. माणूस पडला की लांब स्की पिळवटली जाई आणि तो सगळा पीळ नडगीच्या हाडावर येई. ओरेगॉनमध्ये राहणारा नॉर्वेजियन स्कीपटू ह्यालमार व्हाम यानं स्वतःचा पाय मोडल्यावर, ठरावीक जोर पडताच बूट मोकळा करणारी पकड बनवली आणि 1939 च्या सुमारास ती विकायला आणली. आजची पकड तिचीच वंशज. ती किती घट्ट ठेवायची हे दुकानातला कारागीर वजन, उंची, बुटाची लांबी, कौशल्य आणि वय पाहून तक्त्यावरून ठरवतो. त्या तक्त्यात 50 वर्षं वा त्याहून मोठ्या माणसांसाठी पकड एक पायरी सैल ठेवतात, आणि 9 वर्षं वा त्याहून लहान मुलांसाठीही तेच करतात. आजोबा आणि नातवाला एकाच नियमात बसवणारा हा तक्ता मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा बोलका वाटतो.

यावर कुणी जॅकरॅबिट योहान्सनचं नाव पुढे करील. 1875 मध्ये नॉर्वेत जन्मलेला हा माणूस कॅनडाच्या लॉरेन्शियन डोंगरांत स्कीच्या वाटा आखत राहिला, शंभरी ओलांडल्यावरही स्कीवर चालला आणि 1987 मध्ये, 111 व्या वर्षी वारला. यंत्राविनाही म्हातारपणी स्कीवर जाता येतं, हा आक्षेप वजनदार आहे. पण योहान्सन नॉर्वेत, लहानपणापासून स्कीवर वाढलेला. पन्नाशीनंतर पहिल्यांदा स्की बांधणाऱ्याला त्याचा दाखला देणं म्हणजे त्याला घरी बसवणंच. दुसरा आक्षेप मला मान्य करावा लागतो. वर्माँटमधल्या शुगरबुश इथे 1972 पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात नडगीची हाडं मोडणं खूप घटलेलं दिसलं, मात्र गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापती तशा हटल्या नाहीत. यंत्रानं धोका कमी केला, संपवला नाही. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी हे लक्षात ठेवावंच. पैशाचा मुद्दाही खरा आहे. निवृत्तिवेतनात ही मौज बसत नाही, हे जाणून लॉइड लॅम्बर्ट यांनी 1977 मध्ये अमेरिकेत सत्तरीपुढच्यांचा स्की क्लब काढला आणि लिफ्टच्या तिकिटात ज्येष्ठांना सवलत मिळावी म्हणून खटपट केली. लिफ्ट आली तरी तिच्यात बसण्याचा हक्क वेगळा मिळवावा लागला, हे या इतिहासात विसरून चालणार नाही.

जपानचे केइझो मिउरा यांचं उदाहरण तर दोन्ही बाजूंना उपयोगी पडणारं. ते आयुष्यभर स्कीइंग करणारे, म्हणजे योहान्सनच्याच जातकुळीतले. वयाच्या 99 व्या वर्षी ते मुलगा आणि नातू यांच्यासह माँ ब्लांजवळच्या व्हॅले ब्लांश हिमनदीवरून स्कीवर उतरले. शंभरीत अमेरिकेतल्या स्नोबर्डला घरातल्या चार पिढ्या एकत्र उतरल्या. पण व्हॅले ब्लांशची नेहमीची वाट 3,842 मीटर उंचीच्या एग्वी द्यु मिदीवरून सुरू होते आणि तिथवर 1955 पासून केबल कार जाते.